मदत हवी आहे : मायरहॉफ स्कॉलरशिपला आपली मुलं चालतात का?

सातारकर_मेरीलँड
लेक बारावीत आहे. यूएमबीसीत (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) बायोकेमिस्ट्रीला अर्ज करतेय. शाळेतल्या बाईंनी तिथलं मायरहॉफ सुचवलं. ऑफिसातला एक जण म्हणतो, ते फक्त कृष्णवर्णीयांसाठी, वेळ घालवू नका. हो की नाही एवढंच सांगा, निबंध लिहायचे बाकी आहेत.

पमाकाकू
होतं तसं, सुरुवातीला. १९८८ला मायरहॉफ पतिपत्नींच्या देणगीतून सुरू झालं, पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे. मग मुली आल्या, १९९६पासून सगळ्यांना खुलं. पण लेकीला पीएचडी करायचीय ना? नुसतं डॉक्टर व्हायचं असेल तर विसरा.

टग्या_ह्यूस्टन
२०२३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हे सगळं गुंडाळलंय हो. आपल्याकडच्या आरक्षणासारखंच होतं.

पमाकाकू
काहीही! कोटा तिथे १९७८च्या 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यातच बाद झाला. २०२३चा निकाल प्रवेश देताना वंश बघण्याबद्दल आहे. त्याचा फटका एमआयटीत बघा, नव्या तुकडीत कृष्णवर्णीय १३ टक्क्यांवरून एकदम ५वर. मायरहॉफ त्याआधीच खुलं होतं.

गणितवेडा
मुळात पैशापेक्षा पद्धत बघा. बर्कलीत यूरी ट्राइसमनला ७०च्या दशकात दिसलं, हुशार कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलस एकेकटी घोकायची, चिनी मुलं टोळक्यानं बसून एकमेकांच्या चुका काढायची. मायरहॉफमध्येही कॉलेज सुरू होण्याआधी उन्हाळ्यात सहा आठवडे एकत्र राहून अभ्यास. माझा स्वतःचा अनुभव, सीओईपीच्या होस्टेलात आम्ही

सातारकर_मेरीलँड
गणितवेडा, होस्टेल नंतर. पीएचडीच करायचीय तिला. म्हणजे अर्ज करू ना?

नीरजा७
वंशाच्या चौकटीत 'एशियन' टिक करू नका, रिकामी सोडा. आम्ही तेच केलं.

पमाकाकू
सातारकरांनी ते विचारलेलंच नाही. आणि निबंधात विज्ञानात मागे राहिलेल्या समाजांसाठी काय करणार हे मनापासून लिहावं लागतं. 'आम्हीही भारतीय, आम्हीही अल्पसंख्य' चालायचं नाही, विज्ञान-इंजिनीअरिंगमध्ये आपण कमी नाही. बरं, लेक नागरिक आहे ना?

सातारकर_मेरीलँड
एच-४ वर आहे, म्हणजे नोकरीवाल्या पालकाच्या व्हिसावर. आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर आहे. चालेल ना?

पमाकाकू
नाही. नागरिकत्व किंवा ग्रीनकार्डच लागतं. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत.

टग्या_ह्यूस्टन
आता कळलं खरं आरक्षण कुठलं ते.

सातारकर_मेरीलँड
चार वर्षांची असताना आलीय ती इथे.

एसएटी_गुरू
मॅथचा ऑनलाइन क्लास हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.