शेवट माहीत असूनही पुन्हा पुन्हा बघाव्यात अशा मालिका कुठल्या, आणि का?

सांजवारा:
नवीन मालिका सुरू करते आणि दुसऱ्या तिसऱ्या एपिसोडला सोडून परत जुन्याच लावते असं हल्ली फार होतंय, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगते. जी मालिका नुसत्या 'पुढे काय होणार' वर चालते ती एकदाच बघायची, गाठ सुटली की हातात दोरा उरतो फक्त. जी माणसांवर चालते ती कितीही वेळा बघा, शिळी होत नाही.

उदाहरण येस मिनिस्टर, एक ब्रिटिश मंत्री आणि त्याचे सरकारी अधिकारी यांची विनोदी मालिका. 1980 ला सुरू झाली, येस प्राइम मिनिस्टर धरलं तर 1988 पर्यंत, सगळे मिळून 38 एपिसोड. प्रत्येक वेळी मंत्री काहीतरी सुधारायला निघणार आणि त्याच्याच खात्याचा सचिव सर हम्फ्री आडवा येणार हे आपल्याला पाठ असतं. तरी तो हॉस्पिटलचा एपिसोड मी कधीही लावू शकते. नवं कोरं हॉस्पिटल, स्टाफ शेकड्यांनी, सगळी खाती कामात बुडालेली आणि पेशंट एकही नाही. तिथली बाई मंत्र्याला फिरवून दाखवताना केवढ्या अभिमानाने सांगते की आमचं हॉस्पिटल स्वच्छतेच्या बक्षिसाच्या शर्यतीत आहे. पहिल्यांदा बघताना आपण त्या कल्पनेवर हसतो, नंतर नंतर लक्ष जातं ते बर्नार्डकडे, मंत्र्याचा खाजगी सचिव, त्या दोघांच्या मधे सापडलेला बिचारा, डेरेक फाउल्ड्सने किती कमी हालचालीत ते काम केलंय हे पहिल्या फेरीत दिसतच नाही.

आणि मराठीत श्रीयुत गंगाधर टिपरे. त्यात घडत काहीच नाही, आबा डायरी लिहितात, शेखर चिडतो, शिऱ्या काहीतरी घोळ घालतो, श्यामला सगळ्यांना सांभाळून घेते. तेच तर हवं असतं.

तुमच्या टाका, पण नुसती नावं नकोत, का ते लिहा.

दुर्बीण:
टिपरे आणि येस मिनिस्टर दोन्हीला अनुमोदन, पण रहस्य एकदाच बघायचं हे अजिबात पटलं नाही. मग कोलंबो या डिटेक्टिव्ह मालिकेचं काय करायचं? त्यात खून कोणी केला हे पहिल्या काही मिनिटांत आपल्याला दाखवूनच टाकतात, पुढचा सगळा वेळ मजा कशाची तर डिटेक्टिव्ह झालेला पीटर फॉक तो चुरगळलेला रेनकोट घालून येतो, काहीतरी बावळट विचारतो, निघतो, दारापर्यंत जातो आणि वळून अजून एक प्रश्न विचारतो त्याची. म्हणजे पहिल्यांदा बघतानाही शेवट माहीतच असतो की! 1971 चा एक एपिसोड तर स्टीव्हन स्पीलबर्गने केलाय, तेव्हा तो एकदम पोरगा होता. दूरदर्शनवरची ब्योमकेश बक्षी पण तशीच, 1993 ची, बासू चटर्जींची. गुन्हेगार लक्षात असतो तरी रजित कपूर समोरच्याचं ऐकून घेताना जो शांत बसतो ते बघायला मी परत जातो.

आणि डार्क, ती काळात मागेपुढे जाणारी जर्मन मालिका, तर दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय पाहिली असं म्हणताच येणार नाही. तीन सीझन, 26 एपिसोड. पहिल्याच सीनमध्ये जो माणूस पत्र ठेवून जीव देतो तो खरा कोण हे कळल्यानंतर परत पहिला एपिसोड लावा, तोच सीन अंगावर येतो. हे रहस्य सुटल्यामुळेच होतं ना? मग गाठ सुटली की दोरा उरतो हे कसं काय?

खडूफळा:
मी थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नका. पुन्हा बघणं हा प्रकारच मला वेळेची नासाडी वाटतो. फ्रेंड्सचे 236 एपिसोड आहेत, बावीस मिनिटांचा एक धरला तरी एका फेरीला ऐंशीच्या वर तास जातात, आणि लोक अशा कित्येक फेऱ्या मारतात. तेवढ्या वेळात चर्नोबिल, बँड ऑफ ब्रदर्स, द वायर असं सगळं पहिल्यांदा बघून होईल. जगात इतकं चांगलं काम पडलेलं असताना रॉस आणि रेचेलचं तेच भांडण परत का ऐकायचं? आपल्याला नवीन काही समजून घ्यायचे कष्ट नको असतात, हे त्यामागचं खरं कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

चिवचिव:
@खडूफळा, कष्ट नको असतात हे बरोबर आहे, पण त्यात वाईट काय आहे? दिवसभर डोकं चालवून घरी आल्यावर दहा नवीन पात्रांची नावं लक्षात ठेवायची ताकद नसते हो. फ्रेंड्स लावली की कुठूनही सुरू करता येते, मधेच उठता येतं, आणि चॅंडलरच्या टायमिंगला आजही हसू येतं. चॅंडलर झालेला मॅथ्यू पेरी गेल्यानंतर तर ते सीन बघताना वेगळंच वाटतं. सगळंच काही अभ्यास म्हणून बघायचं नसतं.

टकमक:
साराभाई वर्सेस साराभाई!! कोणी लिहिलं कसं नाही अजून? रोसेशच्या कविता, मोनिशाला माया 'मिडल क्लास' म्हणताना रत्ना पाठक शहांचा तो आवाज, आणि इंद्रवदन मुद्दाम काडी टाकून बाजूला होतो ते. सतीश शहा गेले तेव्हा आम्ही घरात सगळ्यांनी परत बघायला घेतली, एकही एपिसोड जुना वाटला नाही. 2017 ला ऑनलाइन जो नवा सीझन आला तो मात्र परत लावावासा वाटला नाही, माणसं तीच, पण आधीची धार नाही.

उंबरझाड:
खडूफळा यांनी द वायरचं नाव घेतलं म्हणून लिहितोय, कारण पुन्हा बघण्याच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा पुरावा तीच आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे पोलीस आणि ड्रग्ज विकणारे यांची मालिका, 2002 ते 2008, पाच सीझन, 60 एपिसोड. लिहिणारा डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या पेपरात क्राइम रिपोर्टर होता आणि जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस आणि मग शाळेत शिक्षक, त्यामुळे मालिकेत कोणी कोणाला काही समजावून सांगत बसत नाही, लोक आपापसात बोलतात तसे बोलतात आणि पहिल्या फेरीत आपली अर्धी शक्ती कोण कोणाचा माणूस हे कळण्यातच जाते.

आता एक सीन सांगतो (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा). पहिल्या सीझनचा तिसरा एपिसोड. चौकात ड्रग्ज विकणारी दोन पोरं, बोडी आणि वॉलेस, बुद्धिबळाच्या सोंगट्या घेऊन चेकर्स खेळत बसलीयेत. त्यांच्या वरचा डिअँजेलो येतो आणि त्यांना खरा डाव शिकवतो, हा राजा, ही राणी, हे हत्ती, आणि ही प्यादी, ही लवकर मरतात. बोडी विचारतो की प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर? छोटासा सीन आहे, पहिल्यांदा बघताना वाटतं चला, छान संवाद होता. मग चौथ्या सीझनच्या शेवटी बोडी बागेत बसून मॅकनल्टी या पोलिसाला सांगतो की आपण त्या पटावरच्या प्याद्यांसारखे आहोत, आणि त्याच रात्री त्याच्याच कोपऱ्यावर तो मरतो. हे माहीत असताना तो तिसरा एपिसोड परत लावा. त्या पोराच्या प्रश्नात केवढी आशा होती हे तेव्हा कळतं, पहिल्यांदा ते कळणं शक्यच नाही. त्यामुळे पहिली फेरी म्हणजे पूर्ण पाहणं हे मला मान्य नाही, काही मालिका लिहिल्याच दोनदा बघण्यासाठी आहेत.

ब्रेकिंग बॅड पण तशीच, ड्रग्ज बनवायला लागलेल्या वॉल्टर या शाळामास्तराची. पहिल्या सीझनमध्ये तळघरात बांधून ठेवलेल्या क्रेझी-8 या ड्रग्ज विकणाऱ्याला वॉल्टर ब्रेडच्या कडा कापून सँडविच देतो, कारण त्याला तसं आवडतं, आणि त्याला मारल्यानंतर पुढे कधीतरी वॉल्टर स्वतःच्या सँडविचच्या कडा कापायला लागतो. पुढे ड्रग्जचा बडा व्यापारी गस फ्रिंग याची गुडघ्याखाली टॉवेल घालायची सवय पण तशीच उचलतो. पहिल्यांदा कोण लक्ष देतं?

सांजवारा:
@उंबरझाड, हा सीन मीही विसरू शकत नाही. पण बघा, हे सगळं माणसांमुळेच आहे ना. बोडी आपल्याला आवडला म्हणून तो प्रश्न लागतो. आणि @दुर्बीण, कोलंबो तर माझ्याच बाजूचा साक्षीदार झाला, त्यात 'कोणी केलं' हा प्रश्नच काढून टाकलाय. माझा आक्षेप प्रत्येक एपिसोडच्या शेवटी धक्का देऊन पुढचा बघायला लावणाऱ्या मालिकांना आहे. धक्का दुसऱ्यांदा बसत नाही आणि त्याखाली बघण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

दुर्बीण:
बँड ऑफ ब्रदर्समध्ये धक्का नाही पण माहिती लपवलेली आहे, तिला कुठे बसवाल? दुसऱ्या महायुद्धातल्या एका खऱ्या अमेरिकन तुकडीवरची, 2001 ची, फक्त दहा एपिसोड. एपिसोडच्या सुरुवातीला खरे म्हातारे सैनिक बोलतात, पण नावं देत नाहीत. कोण जगलं हे कळू नये म्हणून. शेवटच्या एपिसोडच्या अखेरीस नावं येतात. दुसऱ्यांदा बघताना पहिल्या मिनिटाला कळतं की हा जो आवंढा गिळून बोलतोय तो तुकडीचा प्रमुख विंटर्स. ही लपवलेली माहिती नसती तर दुसरी फेरी एवढी भिडली असती का? माझ्या मते नाही.

उलट चर्नोबिल मी परत बघणार नाही. अणुभट्टीच्या अपघातावरची, 2019 ची, पाचच भाग, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतल्या सर्वोत्तम कामांपैकी एक. पण चौथ्या भागात रिकाम्या गावांत कुत्री मारायला निघालेली ती माणसं बघून झाल्यावर परत तिकडे जायची इच्छा नाही. त्यामुळे परत बघावीशी वाटणं ही चांगल्या मालिकेची खूण आहे असंही कोणी धरू नये.

मनमौजी:
गेम ऑफ थ्रोन्सवर कोणीच बोलत नाहीये. माणसं जबरदस्त होती की नाही? मग मी परत का बघू शकत नाही? कारण शेवट. तिसऱ्या सीझनमध्ये जेमी, राजाचाच एकेकाळचा अंगरक्षक, हमामात ब्रिएनला सांगतो की त्याने राजाला का मारलं, राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता, त्या लोकांसाठी मारलं. आयुष्यभर शिव्या खाल्ल्या पण कोणाला बोलला नाही. माझ्यासाठी आख्ख्या मालिकेतला तो सगळ्यात मोठा सीन. आणि आठव्या सीझनमध्ये तोच जेमी म्हणतो की मला त्या निष्पाप लोकांची कधीच फारशी पर्वा नव्हती. आता हमामातला सीन लावला की ते वाक्य कानात वाजतं. सांजवारा, म्हणजे शेवट माहीत असणं महत्त्वाचं नाही हे खरं नाही, खराब शेवट मागे जाऊन चांगले सीनही बिघडवतो.

टकमक:
मनमौजी +1000. वाट लावली शेवटच्या सहा एपिसोडांनी.

चिवचिव:
मी नाही मानत. मी पहिले चार सीझन बघते आणि थांबते. नेड स्टार्क, टिरियनचा खटला, ओबेरिन. कोणी जबरदस्ती केलीये का आठवा बघायची?

पाऊलखूण:
जरा वेगळा मुद्दा. आपल्या रोजच्या मराठी मालिका परत बघता येत नाहीत त्याचं कारण मला तर त्यांची लांबी वाटते. आभाळमाया, वादळवाट, अग्निहोत्र यांतली माणसं काही कमी नव्हती. अग्निहोत्रमधला तो वाडा, ते गणपती, मोहन आगाशे आणि विक्रम गोखले समोरासमोर, काय ताकदीचं होतं! पण रोज एक भाग द्यायचा म्हटलं की पाणी घालावंच लागतं, कालचं आज परत दाखवा, एका वाक्यावर सगळ्यांचे चेहरे फिरवून दाखवा. टिपरे आठवड्यातून एकदा यायची म्हणून ती घट्ट राहिली. फॉल्टी टॉवर्सचे तर एकूण बारा भाग, सहा 1975 ला, सहा 1979 ला, आणि बारापैकी एकही टाकाऊ नाही. कोणीतरी अग्निहोत्र नीट कापून साठ भागांची केली तर मी आजच बसेन.

आणि परत बघायला घेताना कुठली आवृत्ती मिळतेय तेही बघा. साइनफेल्ड ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका 2021 ला नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रुंद स्क्रीनसाठी चौकट वरून खालून कापली होती, खड्ड्यावरच्या एपिसोडमध्ये जॉर्ज खड्ड्याकडे बघत उभा आहे आणि खड्डाच चित्राबाहेर गेलाय. इतक्या प्रेमाने केलेल्या कामाचे असे हाल बघून फार वाईट वाटतं.

खडूफळा:
सगळं वाचलं. वायरचा तो परिच्छेद सांगितल्याप्रमाणे सोडला, कारण मी ती पाहिलेली नाही. या आठवड्यात सुरू करतोय. पण ती माझी पहिली फेरी असेल, आणि संपल्यावर मी सोप्रानोज सुरू करणार, वायर परत नाही. मत तेच आहे.

उंबरझाड:
@खडूफळा, उत्तम. इंग्रजी सबटायटल लावाच, तिथली रस्त्यावरची बोली सुरुवातीला कळत नाही. चौथ्या एपिसोडपर्यंत सोडू नका, आणि दुसरा सीझन एकदम गोदीत जातो तेव्हा ओळखीची माणसं कुठे गेली म्हणून वैतागू नका, येतात परत. चौथा सीझन झाला की इथे येऊन तो परिच्छेद वाचा, मग आपण परत भांडू.