मदत हवी आहे: लॅब टेक्निशियन आहे, मुलगी लहान आहे, नीट देऊन एमबीबीएस करायचं आहे

सड्यावरची

नमस्कार मंडळी. कुडाळजवळच्या एका गावात राहते, वय 27. 2016 ला बारावी सायन्स झाले. त्या वर्षी राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांचे प्रवेश सीईटीवर झाले, नीट पुढच्या वर्षापासून लागली. सीईटीत एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत आणि वर्षभर घरी बसून रिपीट करण्यासारखी परिस्थिती नव्हती. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलं, तेव्हापासून खाजगी लॅबमध्ये आहे. नवरा एसटीत कंडक्टर, मुलगी बालवाडीत. घरी बोलून झालंय, नवऱ्याची तयारी आहे. सासूबाई तर म्हणाल्या, "चेडवाक मी बघतंय, तू अभ्यासाचा बघ."

आत्ताच का, ते सांगते. गेल्या काजूच्या हंगामात दोडामार्गकडची एक बाई रक्त द्यायला आली. ताप उतरत नव्हता, अंग एवढं दुखत होतं की हात सरळ ठेवणंही तिला जड जात होतं. काउंट केला तर पांढऱ्या पेशी घसरलेल्या, प्लेटलेट घसरलेल्या, डेंग्यू निगेटिव्ह. माझं काम खरं तर तिथे संपलं होतं. पण रक्त काढताना तिच्या कोपराच्या आत गोचीड चावल्याची खूण दिसली होती. म्हणून परत बाहेर जाऊन विचारलं, काजू वेचायला जाता काय, बागेत कुठे माकड मेलेलं दिसलं काय. म्हणाली, "होय गो, थंय माकडा मरान पडली हत." सरांना सांगितलं, नमुना माकडतापासाठी (गोचिडीतून पसरणारा विषाणूचा ताप) पुढे गेला आणि पॉझिटिव्ह आला. बाई बरी होऊन घरी गेली एवढं नंतर कानावर आलं. 2016 पासून दोडामार्ग, सावंतवाडी भागात माकडताप आहे, त्यामुळे असं विचारणं हे काही मोठं डोकं चालवणं नव्हे. पण पेशी का घसरतात, काहींना ताप जाऊन परत का उलटतो, अशा बाईला इथे ठेवायचं की बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, पाठवायचं हे कशावरून ठरवतात, हे सगळं मला शिकायचं आहे आणि ठरवणाऱ्या खुर्चीत बसायचं आहे. रिपोर्ट छापून खिडकीतून दिला की माझ्यापुरता पेशंट संपतो, ते आता पुरत नाही.

पात्रतेचं बघितलंय. वय 17 पूर्ण लागतं, वरची वयोमर्यादा 2022 मध्ये काढून टाकली. मी ओबीसी, त्यामुळे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून 40 टक्के लागतात, ते भरपूर वर आहेत. अडलंय ते पुढे.

नोकरीचं काय करू? सकाळी सात ते दुपारी तीन लॅब असते. पावसात लेप्टो आणि मलेरियाचे नमुने वाढले की तीनचे सहा कधी होतात कळत नाही. भातलावणी संपेपर्यंत हे असंच चालतं. माझा पगार घराच्या हप्त्यात जातो. आत्ताच सोडावी, की परीक्षेच्या आधी काही महिने? ज्यांनी नोकरी करून नीट दिली आहे त्यांनी कृपया सांगा.

बायोची भीती नाही. रक्त, किडनी, रोगप्रतिकारशक्ती या गोष्टींशी रोज संबंध येतो. फिजिक्सला मात्र बारावीनंतर हात लागलेला नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गावात रेंज येते-जाते, त्यामुळे रोजचे लाइव्ह क्लास जमणार नाहीत, रेकॉर्ड केलेले डाउनलोड करून बघू शकते. कुठून सुरुवात करू?

नावाचाही घोळ आहे. दहावी, बारावी, डीएमएलटीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्म कुठल्या नावाने भरायचा?

आणि कॉलेज. ओरोस, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातलं सरकारी कॉलेज, मिळालं तर घरून जाऊन-येऊन करता येईल. रत्नागिरी किंवा अलिबागही कसंतरी निभावेल. पण नांदेड, गोंदिया लागलं तर मुलीचं काय करायचं, यावर आम्ही दोघं रात्र रात्र बोलतो आणि उत्तर सापडत नाही. लहान मूल घरी ठेवून कुणी एमबीबीएस केलं असेल तर मला त्यांच्याशी बोलायला आवडेल.

---

मिरगाचा पाऊस

ताई, मी मिरजेला एमबीबीएस केलं, आता रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आमच्या बॅचला बीएचएमएस करून आलेले एक दादा होते, आमच्यापेक्षा बरेच मोठे. पहिल्या महिन्यात सगळे त्यांना सर म्हणायचे, नंतर परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याच खोलीत गर्दी असायची. वयाचं मनावर घेऊ नका.

नोकरी आत्ता सोडू नका. परीक्षा 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. डिसेंबरपर्यंत नोकरी आणि अभ्यास, जानेवारीपासून फक्त अभ्यास, असं बसवता आलं तर बघा. तोवर हप्त्यांपुरते पैसे बाजूला काढा. मालक चांगले असतील तर बिनपगारी रजा मागा. कुशल टेक्निशियन कुडाळात सहज मिळत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

पेपर 180 प्रश्नांचा, 720 मार्कांचा, तीन तासांचा. बरोबरला 4, चुकीला 1 वजा. त्यातले 90 प्रश्न बायोचे, म्हणजे निम्मे मार्क. तुमची बाजू भक्कम आहे ती इथे, पण लॅबच्या अनुभवावर विसंबू नका. प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळीवर येतो. झाडांचं शरीरशास्त्र, वर्गीकरण, जेनेटिक्स यातलं काहीच लॅबमध्ये दिसत नाही आणि मार्क तिथेच जातात. तुमची जुनी पुस्तकं कपाटात ठेवा. स्टेट बोर्डाची अकरावीची पुस्तकं 2019 ला आणि बारावीची 2020 ला बदलली, आणि नीटचा अभ्यासक्रमही 2024 च्या परीक्षेपासून बदलून आला. आधी तो उतरवून घ्या, गळलेल्या धड्यांवर वेळ घालवू नका.

फिजिक्सचे 45 प्रश्न, 180 मार्क. तुमच्याएवढं अंतर पडलेल्यांनी यांत्रिकीपासून सुरुवात केली की दोन महिन्यांत हात टेकतात, असं मी शिकवणी घ्यायचो तेव्हा पाहिलंय. आधी आठवडाभर नुसतं गणित करा: लॉग, त्रिकोणमिती, घातांक, आलेख वाचणं. मग एकके आणि त्रुटी, विद्युतधारा, सेमीकंडक्टर, अणू आणि केंद्रक, उष्मागतिकी. हे धडे सूत्रावर चालतात, हाताला यश लवकर येतं. परिवलन गती (रोटेशनल मोशन) शेवटी. रोज थोडी गणितं, सुट्टीच्या दिवशी एक जुना पेपर घड्याळ लावून.

पेपर मराठीतही मिळतो, पण माझं मत विचाराल तर इंग्रजी घ्या. भाषांतरात शंका निघाली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात, आणि पुढे कॉलेजात शब्द तेच आहेत. तुम्ही रिपोर्ट इंग्रजीतच छापता ना?

मार्कांच्या आकड्याने हबकू नका. 2024 ला पैकीच्या पैकी 720 मिळवणारे अनेक निघाले, 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686 होते. पेपर अवघड की सोपा त्यावर सगळं हलतं. मॉक टेस्टमध्ये मार्कांपेक्षा आपण कितव्या आलो ते बघा.

अजून एक. प्रवेश झाल्यावर नोकरी विसरा. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. पहिलं वर्ष अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. ते पास व्हायला चार संधी मिळतात आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. तुम्हाला एवढी वेळ येणार नाही, पण घरातल्यांना माहीत असू दे.

त्या बाईला माकडाबद्दल विचारलंत हे मला फार आवडलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड-पोलादपूर भागातल्या सरकारी दवाखान्यांत विंचू चावलेले पेशंट एकेक करून बघितले, टिपणं ठेवली आणि त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला. खेड्यात बसून बघणारा डॉक्टर काय करू शकतो ते कोकणाने पाहिलंय. या आणि लवकर या.

---

व्यवहारी माणूस

ताई, राग मानू नका. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, वर सरकारी कॉलेजच्या बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष. बाहेर पडाल तेव्हा पस्तिशी आलेली असेल आणि नुसत्या एमबीबीएसला आज कोण विचारतं? त्यापेक्षा सरकारी लॅब टेक्निशियनची भरती बघा. पगार बरा, संसारही सांभाळता येईल.

---

सड्यावरची

दादा, राग नाही. भरतीचे फॉर्म मी भरतेच, तेही चालू राहील. पण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा कधी भरलेली, कधी रिकामी. रिकामी असली की रात्री ताप आलेलं पोर घेऊन लोक मोटारसायकलवरून तालुक्याला जातात. तिथे नुसता एमबीबीएस डॉक्टर हवाच आहे. बाँडचं वर्ष मी आनंदाने करीन, शक्य झालं तर पुढेही तिथेच राहीन.

---

पालक कणकवली

मुलीच्या प्रवेशासाठी गेल्या वर्षी सगळी धावपळ केली, म्हणून कागदांचं सांगतो. बाय, अभ्यासाइतकंच हे महत्त्वाचं आहे. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की एकेका कागदासाठी पोरं रडताना मी बघितली आहेत.

सगळ्यात आधी जात पडताळणी. जातीचा दाखला आणि वैधता दोन्ही वडिलांच्या बाजूने बघतात, सासरचे कागद तिथे चालत नाहीत. पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट बघू नकोस, याच महिन्यात अर्ज कर. त्याच्या जोडीला तारखेत असलेलं नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. गॅप मोठी असली तरी त्यावरून प्रवेश अडत नाही, काय करत होतीस ते खरं लिहायचं.

नाव दहावीच्या मार्कशीटवरचंच धर. पुढे विद्यापीठ, पदवी, नोंदणी, सगळं त्यावर चालतं. आधारचं जुळवून घे, आणि विवाह नोंदणीचा दाखला व राजपत्रातली नावबदलाची नोंद दोन्ही फाईलला ठेव.

सरकारी कॉलेजच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, 85 टक्के राज्याच्या सीईटी सेलकडे. दहावी-बारावी महाराष्ट्रातली आणि डोमिसाइल आहे, म्हणजे राज्याच्या यादीत तू बसतेस. आपल्याकडे ओरोस, रत्नागिरी, अलिबाग ही तिन्ही सरकारी कॉलेजं 2021 पासून पुढे सुरू झालेली, प्रत्येकी 100 जागा. आपल्या वेळी यातलं एकही नव्हतं. पसंतीक्रमात ही तीन वर टाक. त्याखाली फक्त तीच कॉलेजं भर जिथे लागलं तर तू खरंच जाशील. गोंदियाचा निर्णय आत्ता घरात घ्या, फेरीच्या रात्री नको.

पैशांचं: घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, मेडिकललाही. हॉस्टेल, मेस, पुस्तकं आपल्या खिशातून. बाँड मोडला तर 10 लाख भरावे लागतात, तुझा तो प्रश्न नाही हे वर वाचलंच.

---

तिठ्यावरचा

थोडं विषयांतर. माझ्या भावाने बारावीला बायो न घेता गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. त्याला काही मार्ग आहे का?

---

पालक कणकवली

आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलेल्या सूचनेनुसार बारावीनंतर बायो हा जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केला तरी नीटला बसता येतं. आधी तसं चालत नव्हतं.

---

सड्यावरची

डॉक्टर, काका, तुमचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. ठरलंय ते असं: लॅब डिसेंबरअखेरपर्यंत, पुढे रजा मागणार, नाही मिळाली तर सोडणार. एनसीईआरटीचे दोन्ही वर्षांचे संच मागवले. पसंतीक्रमात तीन जिल्हे आणि कोल्हापूर, मिरज. त्यापलीकडे मुलगी पहिलीत जाईपर्यंत नाही, मग त्यासाठी आणखी एकदा परीक्षा द्यावी लागली तरी चालेल.

काका, पडताळणीचं एक अडलंय. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. वडिलांचा जन्म त्यानंतरचा, आणि आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यामुळे दाखला नाही. मोठ्या आत्याचा जन्म 1962 चा, ती गावच्या शाळेत दोन वर्षं होती, पण तिचा प्रवेशही 1967 नंतरचा निघतो. गाव नमुना 14 मध्ये तिच्या जन्माची नोंद जातीसकट असायला हवी. हा उतारा तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मागायचा की ग्रामपंचायतीत? सावंतवाडी किंवा वेंगुर्ले तालुक्यात कुणी हल्ली काढला असेल तर कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा तेवढं सांगा, सोमवारी सुट्टी आहे, जाऊन येते.