चर्चा : रेडिओवर उडणाऱ्या तीन चॅनेलच्या ट्रेनर मॉडेल विमानाला घरीच आयलरॉन बसवावेत का?

उंचपंखी (धागाकर्ता)
थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे) एवढ्या तीन चॅनेलवर चालणारे, उंच पंखाचे, शिकाऊंसाठीचे ट्रेनर विमान एकदा हाताला बसले की पुढे काय, हा प्रश्न पडतोच. त्यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : चार चॅनेलचे नवे विमान घ्या. माझे मत असे की पैसे वाचवून जुन्याच विमानाला घरी आयलरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या हलत्या पट्ट्या, बसवावेत. 1.4 मीटरच्या फोमच्या पंखाच्या मागच्या काठावर, रुंदीच्या पाव भागाहून थोडी कमी अशी पट्टी कापावी, टेपची बिजागरी करावी, पट्ट्या हलवायला 9 ग्रॅमचे दोन सर्व्हो (छोट्या मोटरी) बसवावेत आणि पंखांचा वर उचललेला कोन, म्हणजे डायहेड्रल, कमी करावा. एक बाजू टेबलावर सपाट दाबून धरली असता दुसऱ्या बाजूचे टोक 12 सेंटीमीटर वर राहत असेल, तर ते 5 वर आणले की काम झाले. यात नवे काहीच नाही. अमेरिकेतल्या सिग कंपनीच्या 78 इंची कॅडेट सीनियरच्या मूळ आराखड्यात आयलरॉन नव्हते. ते बांधणाऱ्या कित्येकांनी डायहेड्रल उतरवून आयलरॉन लावले.

सातारकर
साफ असहमत. कॅडेट सीनियर लोक बाल्सा या हलक्या लाकडाच्या काड्यांपासून बांधत, त्यामुळे बदल बांधतानाच होत असे आणि मधला सांधाही नव्या कोनाचा व नव्या प्लायवूडचा बसत असे. आयता फोमचा पंख मधोमध कापून पुन्हा चिकटवणे ही वेगळी गोष्ट आहे. पंखाला सर्वाधिक वाक त्याच सांध्यावर सोसावा लागतो. उंची न सोडता 60 अंश कलून वळण घेतले तरी पंखावरचा भार दुप्पट होतो, आणि सूर मारलेले विमान घाबरून वर खेचणाऱ्या नवशिक्याच्या हातून तो त्याहूनही वाढतो. पंख दुमडतो तो अशाच वेळी.

शिवाय आपण जे काढून टाकता आहात, त्यामुळेच तर ते ट्रेनर आहे. डायहेड्रल भरपूर असलेले विमान उडत असताना हातातल्या ट्रान्समीटरच्या काड्या (स्टिक) सोडून दिल्या, तर ते बहुधा आपले आपण सरळ होते. सपाट तळाच्या पंखाला आयलरॉन लावले की खाली गेलेला आयलरॉन त्या बाजूची हवेची ओढ वाढवतो आणि डावीकडे कलणाऱ्या विमानाचे नाक आधी उजवीकडे वळते. शिकणाऱ्याला नेमके हेच उमगत नाही.

उंचपंखी
गोंद आणि टेपवर भागवा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान वीतभर शिरेल अशी कार्बनची नळी किंवा नव्या कोनात कापलेली प्लायची पट्टी हवीच. नाक उलटे वळण्यावरही उपाय आहे : दोन सर्व्हो वेगवेगळ्या चॅनेलवर घेऊन आयलरॉनची वरची हालचाल खालच्या हालचालीच्या दुप्पट ठेवावी. रेडिओतली ही जुळणी (मिक्सिंग) पुरेशी नसेल, तर रडरची काडी हलवणारा अंगठा वापरावा. तो शिकायचा आहेच.

बाल्साभक्त
माझी हरकत आयलरॉनला नाही, तिथून सुरू होणाऱ्या मालिकेला आहे. आयलरॉन झाले की गडी थांबत नाही, तीन सेलच्या जागी चार सेलची बॅटरी लावतो. व्होल्टेज 11.1 वरून 14.8 वर जाते, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते. पण प्रॉपेलर तोच ठेवला, तर प्रवाह ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 20 अँपिअर घेणारी मोटर मग 35 च्या आसपास मागते आणि 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) हवेत धूर सोडतो. बहुतेक छोट्या विमानांत रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज त्याच ईएससीतून मिळते, त्यामुळे मोटरबरोबर ताबाही जातो. वॉटमीटर लावून जमिनीवर पूर्ण थ्रॉटलचा प्रवाह मोजल्याशिवाय सेल वाढवू नयेत आणि वाढवलेच तर प्रॉपेलर लहान करावा. थ्रॉटल देताच विमान आकाशाकडे नाक करत असेल, तर एलिव्हेटरचा ट्रिम (बारीक जुळणी) खाली ओढत बसण्यापेक्षा मोटरच्या वरच्या स्क्रूंमागे वॉशर घालून मोटर किंचित खाली झुकवावी.

माळरान
मूळ पंख कापायचाच कशाला? या विमानांचे पंख बहुधा रबरबँडने किंवा दोन स्क्रूंनी बसतात. त्याच धडावर बसेल असा कमी डायहेड्रलचा, आयलरॉनचा दुसरा पंख फोमशीटचा करावा. वारा पडलेला असेल तेव्हा नवा लावावा, धीर सुटला की जुना. मात्र प्रत्येक अदलाबदलीनंतर सीजी (गुरुत्वमध्य) तपासावा. पंखाच्या पुढच्या काठापासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर बोटे टेकवून विमान तोलले असता नाक किंचित खाली झुकायला हवे. सर्व्हो आणि त्यांच्या वायरींचे वजन त्या बिंदूच्या मागे पडते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

सातारकर
दुसऱ्या पंखाला माझा विरोध नाही. सांधा मुळापासून नवा होतो, हे मला महत्त्वाचे वाटते. पण मग बचतीचा मुद्दा टिकत नाही. तयार विमानासोबत आलेला तीन चॅनेलचा ट्रान्समीटर ना दोन वेगळे आयलरॉन चालवतो, ना मिक्सिंग करतो. सहा चॅनेलचा रेडिओ, त्याचा रिसीव्हर, दोन सर्व्हो, कार्बनची नळी आणि फोम यांची बेरीज धागाकर्त्यांनी एकदा मांडावी.

उंचपंखी
बेरीज मांडली, तर रेडिओ सर्वांत महाग पडतो, हे मान्य. पण तो या विमानाच्या खात्यावर लिहू नये, कारण पुढचे प्रत्येक विमान त्यावरच उडणार आहे. माळरान यांची सूचना मला पटते, तरी एक अडचण उरते : जुना पंख पेटीत असला की मंडळी वाऱ्याचे निमित्त काढून तोच लावतात आणि आयलरॉनचा पंख घरच्या कपाटावर पडून राहतो.