किंगमनला उतरण्याआधी हे बघा

शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या साऊथवेस्ट चीफ या रेल्वेगाडीने ॲरिझोनातल्या किंगमनला उतरून टॅक्सीने लास वेगास गाठा, असं काही जण सुचवतात. नकाशावर ते जवळ दिसतं खरं, पण मला नाही पटत, कारण गाडी तिथे रात्री उशिरा येते. आम्ही उतरलो तेव्हा मालगाडी धडधडत गेली आणि मग फलाटावर आम्ही दोघं, दोन बॅगा आणि बोचरा वारा, बस्स, आणि पुढे अजून जवळजवळ १७० किलोमीटर!

अजून एक, ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात किंगमन आणि वेगासची वेळ एकच पण हिवाळ्यात वेगास एक तास मागे, पुढची बस धरायची तर हे आधी बघाच. त्यापेक्षा सरळ लॉस एंजेलिसपर्यंत जा, तिथून दिवसाची बस घ्या.