मुलाने काही सांगितलं, तर शिक्षकाने आधी कुणाकडे जायचं?

पाटीपेन्सिल:

ठाणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित प्राथमिक शाळेत मी १७ वर्षं शिकवते आहे. आज पहिल्यांदाच हे कुठे लिहिते आहे.

७ वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. त्यातली एक मुलगी शाळा सुटायच्या वेळी रोज काहीतरी हरवायची. कधी डबा, कधी बूट. एकदा तर दप्तरच बाकाखाली सरकवून "सापडत नाही" म्हणत बसली. मला वाटलं, वेंधळी आहे. एका शुक्रवारी मी खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होते, तेव्हा माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "व्हॅनवाले काका मला सगळ्यात शेवटी सोडतात. माझं घर आधी येतं तरी. आणि पुढे बसवतात."

एवढंच. व्हॅनचा भोंगा वाजला, ती गेली. मी तिला जाऊ दिलं.

मग मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी बघते, तुम्ही कुणाशी बोलू नका." सोमवारी त्या चालकाचा मार्ग बदलला होता. ती मुलगी दुसऱ्या गाडीने जायला लागली आणि त्याच्या गाडीत दुसरी मुलं बसायला लागली. पालकांना कुणी काही सांगितलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण घडलं. बालवर्गातल्या दोन मुली, शाळेतलाच कंत्राटी कर्मचारी, आणि गुन्हा नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळलेले आईबाप. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. पुढे शाळेच्या संस्थाचालकांवरही माहिती न दिल्याचा गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मुलाने असं काही सांगितलं की शिक्षकाने त्याच दिवशी पोलिसांना कळवायचं. शाळेने "आधी आम्ही चौकशी करतो" म्हणायचंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठचे गुरुजी:

बाई, तुमच्या मनाला लागलंय ते समजतं. पण ३१ वर्षं शिक्षक आणि त्यातली ११ मुख्याध्यापक म्हणून काढल्यावर मला हे मत पटत नाही.

आठवीतल्या दोन मुलींनी आमच्या एका शिक्षकाविरुद्ध चिठ्ठी लिहिली होती. मी दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. आईंना बोलावलं. संध्याकाळपर्यंत कळलं की सरांनी दोघींना कॉपी करताना धरलं होतं आणि निकालाच्या भीतीने हे सुचलं होतं. मुली रडल्या, सर रडले, विषय मिटला. ती चिठ्ठी घेऊन मी थेट चौकीत गेलो असतो तर? ४८ तास कोठडी झाली की निलंबन आपोआप होतं. मग निर्दोष सुटायला पाच-सहा वर्षं. गावात तोंड दाखवायची सोय नाही, घरात लग्नाची मुलगी. एक दिवस थांबून विचारपूस करणं म्हणजे झाकणं नव्हे. मुख्याध्यापक नेमलेला असतो तो कशाला?

आणि तुमच्या मुलीचं वाक्य पुन्हा वाचा. शेवटी सोडतात, पुढे बसवतात. व्हॅनचा रस्ता तसा असेल, मागे जागा नसेल. एवढ्यावर एका माणसाला आरोपी करायचं?

कोर्टाची पायरी:

सत्र न्यायालयात वकिली करते. कायदा काय म्हणतो तेवढं आधी ठेवते, म्हणजे वाद भलतीकडे जाणार नाही.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडण्याची ज्याला भीती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची आहे. "कोणतीही व्यक्ती" यात शिपाई आला, मावशी आल्या, शिक्षक आले. मुख्याध्यापकांना सांगून ही जबाबदारी संपते, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. माहिती दिली नाही तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत.

गुरुजी, तुम्हाला ज्याची भीती वाटते त्याचाही विचार कायद्याने केला आहे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही.

आणि तुमची ती चिठ्ठी. दोन मुलींना मुख्याध्यापकांच्या खोलीत वेगवेगळं बसवून विचारलं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. समजा ती चिठ्ठी खरी असती. ज्या सरांबद्दल तक्रार, ते शेजारच्या वर्गात शिकवत असताना, त्यांच्या वरिष्ठांसमोर बसून तेरा वर्षांची मुलगी ती खरी आहे म्हणाली असती का? पोलिसांनी जबाब कसा घ्यायचा याचे नियम आहेत. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, त्याच्या विश्वासातलं माणूस जवळ असताना. शाळेतल्या चौकशीला यातला एकही नियम नसतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातलं प्रकरण लक्षात ठेवा. माहिती असूनही कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवर गुन्हा नोंदवला गेला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल करणं चूक ठरवलं आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं सांगितलं.

मधली सुट्टी:

शाळेत समुपदेशक आहे. माझा विरोध गुरुजींपेक्षा वेगळ्या कारणासाठी आहे.

मला शिक्षकांची काळजी नाही, मुलं गप्प बसतील याची आहे. अकरावीतल्या एका मुलीने मला तिच्या मित्राबद्दल सांगितलं होतं. तीही सतराची, तोही सतराचा. २०१२ मध्ये संमतीचं वय १६ वरून १८ झालं, त्यामुळे कायद्याच्या लेखी तो मुलगा गुन्हेगार ठरत होता. कळवलं गेलं. मुलगा निरीक्षणगृहात, मुलीचं शिक्षण बंद, दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. त्यानंतर दीड वर्ष माझ्या खोलीत अभ्यास आणि डोकेदुखी सोडून कुणी काही बोललं नाही. "मॅडमना सांगितलं की पोलीस येतात" हे मुलांनी एकमेकांना सांगून टाकलं होतं.

लहान मुलांचं आणखी अवघड. बहुतेक वेळा त्रास देणारा घरातला किंवा ओळखीतला असतो. सहा वर्षांचं पोर बाबांबद्दल सांगतं आणि लगेच म्हणतं, "पण बाबांना ओरडू नका." त्याला त्रास थांबायला हवा असतो, बाबा जायला नको असतात. त्या पोराला घेऊन मी कुठे जाऊ?

आता मी एक करते. मूल काही सांगायच्या बेतात आहे असं दिसलं की आधीच सांगते, "तू सांगशील ते सगळं मी गुपित ठेवू शकणार नाही. तुला कुणी त्रास देत असेल तर मला मदत आणावी लागेल. पण कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन." काही मुलं तिथेच उठून जातात. मी जाऊ देते. बरीचशी परत येतात, काही येत नाहीत. ती न येणारी मुलं मला झोपू देत नाहीत.

दोनशिक्षकी:

नंदुरबारच्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पट २३, शिक्षक दोन, दोघेही पुरुष.

बदलापूरनंतर आदेश आला. सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, सखी सावित्री समितीची बैठक घ्या. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची ही समिती १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयातलीच आहे. म्हणजे बदलापूरच्या आधी दोन वर्षं ती सगळ्या शाळांत असायला हवी होती. आमच्याकडेही होती. रजिस्टरमध्ये. बैठक झाल्याचं मी लिहायचो आणि सह्या घ्यायला सदस्यांच्या घरी जायचो. हे मी कबूल करतो, कारण असं करणारा मी एकटा नाही आणि ते चूक आहे. कॅमेऱ्याचं म्हणाल तर आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते. तक्रारपेटी आहे, पण पहिली-दुसरीच्या पोरांना लिहिता कुठे येतं?

पोलीस ठाणं २८ किलोमीटरवर. तिथे जाऊन सांगायचं, आणि परत येऊन त्याच पाड्यावर राहायचं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मागच्या महिन्यात पहिलीतली पोरगी ओट्यावरून पडली. ओठ फाटला. ती दोन्ही हात वर करून माझ्याकडे धावली आणि मी तिला उचलायच्या आधी इकडे-तिकडे बघितलं. कोण बघतंय का म्हणून. १४ वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं. मग उचललं, ओठ धुतला. पण ते दोन क्षण मला अजून टोचतात. प्रत्येक पुरुष शिक्षकावर संशय ठेवून शाळा सुरक्षित होणार असेल, तर पोरांनी रडत कुणाकडे धावायचं?

तिसरीची आई:

दोनशिक्षकी सर, उचललंत ते बरोबर केलंत. मोकळ्या ओट्यावर सगळ्यांसमोर रडणाऱ्या पोरीला उचलणाऱ्याची भीती मला वाटत नाही. बंद दाराची वाटते, "कुणाला सांगू नकोस" म्हणणाऱ्याची वाटते. हा फरक मुलांना शिकवता येतो, माझी नऊ वर्षांची मुलगी तो मला समजावून सांगते.

गुरुजी, तुमच्या एका दिवसाबद्दल. त्या एका दिवसात मूल घरी जातं. कुणाच्या गाडीतून जातं, घरी कोण असतं, हे तुम्हाला माहीत नसतं. आणि तोवर गावातल्या चार जणांना कळलेलं असतं, संस्थेच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेलेला असतो, मुलीच्या वडिलांना कुणीतरी "पोरीच्या लग्नाचं बघा" म्हणून सांगून गेलेलं असतं. आम्ही पालक कोर्टात हरत नाही हो, आम्ही त्या एका दिवसात हरतो.

आणि पाटीपेन्सिल ताई, एक विचारते, रागावू नका. तो चालक अजून गाडी चालवतो का?

कृष्णाकाठचे गुरुजी:

वकीलबाईंच्या प्रश्नावर काल रात्री बराच वेळ विचार केला. त्या दोन मुलींपैकी एक पुढच्या वर्षी शाळा सोडून गेली. वडिलांची बदली झाली, असं मी धरून चालत होतो. बदली झाली होती की नाही, हे मी कधी तपासलं नाही. चिठ्ठी खोटी होती असं आजही वाटतं, पण काल लिहिलं तेवढ्या खात्रीने नाही.

विचारपूस शाळेने करू नये, हे मान्य. पोलिसांना कळवावं, तेही मान्य. पण कळवून शाळेने हात झटकायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात येतं तेव्हा शेजारी कोण बसणार? तो शिक्षक निर्दोष निघाला तर त्याला परत वर्गात कोण उभं करणार? मधली सुट्टी यांच्या सतरा वर्षांच्या मुलीला कोण विचारतंय? याची उत्तरं कुठल्याही परिपत्रकात मला सापडत नाहीत आणि ती मिळेपर्यंत माझा विरोध पूर्ण संपत नाही.

कोर्टाची पायरी:

गुरुजी, हे लिहिलंत यासाठी मनापासून आभार. सोळा ते अठरा वयाबाबत कायदा बदलायला हवा, असं माझंही मत आहे. पण आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ती अडचण पुढे करता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, आणि मुलाला आधार देणारी व्यक्ती समितीच नेमू शकते. हे शाळांनी मागायला शिकलं पाहिजे. पोलीस ठाणं लांब असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करता येतो. फक्त माहिती पोलिसांपर्यंत पोचली की नाही याचा पाठपुरावा करा. आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून. आपल्या भाषेत सुधारून नको.

पाटीपेन्सिल ताई, पोक्सोखाली तक्रार करायला मुदत नाही. ७ वर्षांनीही करता येते. उशिरा कळवल्याबद्दल तुम्हाला प्रश्न विचारले जातील, हे लपवत नाही. जायचं ठरवलंत तर आधी एखाद्या वकिलाशी बोला, पण जा.

पाटीपेन्सिल:

तिसरीची आई, रागावले नाही. तुम्ही विचारलं म्हणूनच दोन दिवस उत्तर दिलं नाही.

हो, चालवतो. गेल्या पावसाळ्यात स्टेशनच्या पुलाखाली त्याची व्हॅन दिसली होती. काचेवर दुसऱ्या शाळेचं नाव होतं. मागे दप्तरं लटकत होती आणि पुढच्या सीटवर एक मूल बसलं होतं. मुलगा की मुलगी, ते दिसलं नाही. मी रिक्षात होते, सिग्नल सुटला.

काल माळ्यावरून जुन्या दैनंदिनी काढल्या. त्या शुक्रवारच्या पानावर "बेरीज, हातच्याची" एवढंच लिहिलेलं आहे. तिचं वाक्य मी तेव्हा कुठेच लिहिलं नव्हतं. ते आज लिहिलं, जसं आठवतं तसं, आणि खाली आजची तारीख घातली. वकिलांची उद्या साडेअकराची वेळ मिळाली आहे. शाळेत किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" लिहिलं होतं, ते खोडून "पोलीस ठाण्यात काम" असं लिहिलं.