मदत हवी आहे: स्कूटरचं इंजिन ऑइल किलोमीटरवर बदलायचं की महिन्यांवर?

नमस्कार मंडळी, घरी दोन 110 सीसी स्कूटर आहेत, एक मी रोज डिचोली ते पणजी चालवतो आणि दुसरी बाबांची, ती फक्त बाजार, देऊळ आणि कधीतरी साखळी गावापर्यंत, बस. मॅन्युअलमध्ये 6000 किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं दिलंय पण आमचा मेकॅनिक म्हणतो 2500 च्या वर जाऊच नका. माझ्या गाडीचं ठीक आहे, लांब रनिंग, इंजिन नीट तापतं. खरी काळजी बाबांच्या गाडीची, छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं गरम होतच नाही, मग आत धरलेलं पाणी नि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, त्यात आपल्याकडे पावसात सगळीकडे ओलच ओल. परवा डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइलची लेव्हल बरोबर होती पण झाकणाच्या आतून फिकट पिवळट, साय धरल्यासारखा थर दिसला. म्हणजे किमी कमी असले तरी पावसाळा संपला की बदलूनच टाकावं का? 10डब्ल्यू-30 ग्रेडचं (जाडीचं) मिनरल ऑइल टाकतो, सिंथेटिकने ह्यात काही फरक पडेल? बाबांना दुसरी गाडी नकोच आहे, हीच टिकवायचीय, तेव्हा अनुभव असलेल्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.