जनरेटरखालचं ऑइल आणि कुठली ट्यूब आणायची

ए-१०२: सुप्रभात. जनरेटरखाली आज पुन्हा ऑइल. ट्रे भरून वाहिलाय आणि ओघळ माझ्या गाडीच्या मागच्या चाकापर्यंत आलाय. मागच्या वेळीही हेच झालं, तेव्हाही "झालं ताई काम" असंच सांगितलं होतं. सेक्रेटरी साहेब, हे डाग कोण साफ करणार?

सेक्रेटरी: पाहिलं ताई. वॉचमनला भुसा टाकायला सांगितलाय. मेकॅनिकशी बोलणं झालंय, रविवारी येतो म्हणाला.

सी-२०४: मेकॅनिक कशाला? चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग गेलंय, बाकी काही नाही. लाल हाय-टेम्परेचर सिलिकॉनची ट्यूब आणा, बाहेरून जाड थर मारा. मी माझ्या बाइकला केलंय. अर्ध्या तासाचं काम.

ए-५०१: मागच्या वेळी बाहेरूनच मारलं होतं ना?

खजिनदार: मागच्या वेळी म्हणजे तुम्ही अध्यक्ष होतात त्या कमिटीच्या वेळी. बिल आहे माझ्याकडे फाइलला.

ए-५०१: फाइल तुमच्याकडे मीच सोपवली होती. आमच्या वेळी निदान जनरेटर चालू तरी होता.

सी-४०१: झाली सुरुवात. आता दुपारपर्यंत ऑइल बाजूला आणि कमिटी पुढे 😄

बी-४०३: मी सकाळी वॉचमनकडून किल्ली घेऊन टॉर्च मारून बघून आलो. चेंबरच्या जोडावर लाल सिलिकॉनची करंगळीएवढी जाड वळकटी लोंबते आहे. नखाने ओढली तर अखंड पट्टी निघून आली, खाली तेलाचा थर तसाच. तेलकट पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही. शिवाय बाहेरून मारलेल्या थराला आतलं तेल रोज ढकलत असतं, तो सुटणारच. सी-२०४, तुमच्या बाइकचं टिकलं असेल तर आनंद आहे, पण इथे त्याच वाटेने पुन्हा जायचं नाही.

सी-२०४: काका, मी हाय-टेम्परेचर म्हणतोय. साधं नाही. त्या वेळी साधं वापरलं असेल.

ए-१०२: त्या वेळी पार्किंगमध्ये दोन दिवस व्हिनेगरसारखा वास येत होता. मी तेव्हाही ग्रुपवर लिहिलं होतं. कोणी उत्तर दिलं नव्हतं.

बी-४०३: ताई, हे फार कामाचं सांगितलंत. तो वास ॲसिटिक ॲसिडचा. बाथरूम-काचेला लावतात ते सिलिकॉन सुकताना असाच वास सोडतं, इंजिनसाठी म्हणून मिळणाऱ्या काही ट्यूबाही सोडतात. ते ॲसिड धातूला, सेन्सरच्या तांब्याच्या जोडांना चांगलं नाही. इंजिनला न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं लागतं, आणि ट्यूबवर "ऑइल रेझिस्टंट" आणि "सेन्सर सेफ" लिहिलेलं बघायचं. रंगावर जाऊ नका. लाल, काळा, करडा, निळा यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

खजिनदार: म्हणजे बाथरूमची ट्यूब लावून इंजिनच्या कामाचं बिल लावलं?

ए-५०१: हे आता वासावरून ठरवणार का?

सी-४०१: नाकावरून बिल पास 😄

ए-५०१: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक पातळीवर जाऊ नये. काका, तुम्ही सांगा काय आणायचं.

सी-२०४: हाय-टेम्परेचर लाल. मी पहिल्यांदाच सांगितलंय.

बी-४०३: चेंबरमधलं तेल साधारण १०० अंशांच्या आसपास असतं, फार भार आला तर थोडं वर. चांगलं साधं आरटीव्ही, म्हणजे न तापवता आपोआप सुकणारं सिलिकॉनही २०० अंशांच्या वर सहज टिकतं. म्हणजे इथे तापमानाची अडचणच नाही. अडचण आहे तेलाची आणि जोडाच्या हालचालीची. चेंबर पत्र्याचं, ब्लॉक बिडाचा. गरम-थंड होताना दोघं सारखे फुगत नाहीत, इंजिन थरथरतं ते वेगळं. तिथे लवचिक, तेलाला दाद न देणारं सिलिकॉनच हवं. लाल ट्यूबवरचा ३०० अंशांचा आकडा बघून लोक भुलतात, आणि तेच सिलिकॉन तेलात भिजून मऊ पडतं.

सी-३०३: मग घट्ट बसणारं काही लावा ना. ते हिरवं-जांभळं लिक्विड मिळतं, हवा नसली की दगडासारखं होतं. आमच्या कारखान्यात पंपांना तेच वापरतात.

बी-४०३: ॲनएरोबिक. उत्तम माल आहे, पण इथला नाही. दोन्ही बाजू मशिनिंग केलेल्या, धातूवर धातू घट्ट बसणाऱ्या, मधे जेमतेम पाव मिलिमीटरची फट, अशा ठिकाणी त्याला तोड नाही. गिअरबॉक्सचं केसिंग, पंपाची बॉडी. त्याचा मोठा गुण असा की आत ओघळलेला भाग सुकत नाही, तेलात मिसळून जातो, कुठे अडकत नाही. पण पत्र्याचं चेंबर वाकतं, फट कमी-जास्त होते, तिथे ते धरणार नाही. आणि प्लास्टिकच्या कव्हरवर तर लावूच नये, काही प्लास्टिकना तडे जातात.

ए-१०२: सगळं वाचतेय. माझा प्रश्न तसाच आहे, डाग कोण साफ करणार?

सी-४०१: ताई, आधी गळती थांबू दे, मग डाग.

ए-१०२: गळती थांबायची वाट बघत मागचा डाग वर्षभर तसाच होता. तुमची गाडी तिथे लागत नाही म्हणून तुम्हाला सुचतंय.

बी-४०३: ताईंचं बरोबर आहे. आणि मुळात चेंबर गळतंय हेच मला पटलेलं नाही. टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाची, मागची कड ओली आहे, तिथून ओघळ ब्लॉकवरून खाली येऊन चेंबरच्या कडेला थेंब धरतो. तेल नेहमी वरून खाली येतं, त्यामुळे दिसतं तिथे गळतंय असं नसतं. रविवारी आधी इंजिन बाहेरून पूर्ण धुऊन कोरडं करू, जोडांवर टाल्कम पावडर मारू, दहा मिनिटं चालवू. पावडर जिथे पहिली काळी पडेल तिथून गळतंय. हे केल्याशिवाय कोणीही ट्यूब उघडायची नाही.

खजिनदार: टॅपेट कव्हरला तर रबरी पॅकिंग नवीन घातलं होतं. तेही बिलात आहे.

बी-४०३: घातलं आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चोपडलंय. रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. ओल्या सिलिकॉनवर ते घसरतं, बोल्ट आवळताना बाहेर सरकतं. मागच्या कोपऱ्यात मला ते बाहेर आलेलं दिसतंय. सिलिकॉनचा ठिपका लावायचा तो फक्त जिथे तीन भाग एकत्र येतात तिथे, किंवा अर्धगोल कोपऱ्यात.

सी-२०४: व्हिडिओमध्ये तर सगळे लावतात.

बी-४०३: लावतात. पुढचा भाग कोणी दाखवत नाही. आवळल्यावर जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आतल्या वळकटीचे तुकडे सुटतात आणि तेल खेचणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की बेअरिंगला तेल कमी, मग क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा जातो. वॉचमन सांगत होता की मागच्या आठवड्यात ऑइल प्रेशरचा काटा चालू जनरेटरमध्ये मधेच खाली पडत होता. हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. गळती कुठलीही निघो, चेंबर उतरवून जाळी बघितलीच पाहिजे. तोपर्यंत, रविवारच्या तपासणीची दहा मिनिटं सोडली तर, जनरेटर लावू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे.

ए-५०१: म्हणजे आता चेंबर उतरवायचं. काम वाढवण्यात मेकॅनिकचा फायदा.

बी-४०३: अध्यक्षसाहेब, क्रँक गेला तर फायदा कोणाचा? आणि अजून एक. ब्रीदरची नळी काळ्या चिकट गाळाने बुजली आहे. इंजिनच्या पोटातला दाब त्या नळीने बाहेर पडतो. ती बंद असेल तर दाब मिळेल त्या पॅकिंगमधून तेल बाहेर फेकतो. जगातलं सर्वात चांगलं सिलिकॉन आणलंत तरी दोन महिन्यांत दुसरा जोड ओला होईल. मागच्या दोन्ही वेळी ही नळी कोणी उघडून बघितली नाही.

ए-५०१: हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मीटिंगला आला असतात तर ऐकलं असतं.

बी-४०३: मीटिंगच्या वहीत माझं पत्र चिकटवलेलं आहे. पान उलटून बघावं.

सेक्रेटरी: आहे पत्र. मी आत्ताच बघितलं. विषय इथे थांबवू.

ए-१०२: डागांचा विषय नाही थांबवायचा. डाग कोण साफ करणार?

सेक्रेटरी: सोसायटी करणार, ताई. रविवारी काम संपल्यावर डिग्रीझरने फरशी धुऊन घेऊ. मी स्वतः उभा राहतो.

ए-१०२: ठीक आहे. लेखी दिलंत, धन्यवाद.

सी-२०४: काका, मग नक्की कुठली ट्यूब? मी शनिवारी आणून देतो. आणि चेंबर पुसायला पेट्रोल चालेल ना?

बी-४०३: पेट्रोल-डिझेल नको, मागे तेलकट पापुद्रा राहतो. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने काढायचं. ग्राइंडरची पॉलिश पेपर चकती अजिबात नको, तिची धूळ तेलात गेली की बेअरिंग खाते. ट्यूब न्यूट्रल क्युअर, ऑइल रेझिस्टंट, आणि पाठीमागची मुदतीची तारीख बघूनच घ्या. जुनी ट्यूब आतून घट्ट होत आलेली असते, वरून कळत नाही. लावायची ती २-३ मिलिमीटरची अखंड दोरी, बोल्टच्या भोकांच्या आतल्या अंगाने, आणि प्रत्येक भोकाभोवती वळसा. भोकात जाऊ द्यायची नाही. बंद तळाच्या भोकात सिलिकॉन किंवा तेल साचलं आणि वरून बोल्ट आवळला तर बिडाचा ब्लॉक फुटतो.

सी-२०४: आणि लावून थोडं सुकू द्यायचं, मग बसवायचं?

बी-४०३: त्याची साय धरायच्या आत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत बसवायचं. साय धरली की दुसऱ्या पृष्ठभागाला ते चिकटत नाही. पत्र्याच्या कडेवर भोकांपाशी उंचवटे आले असतील ते आधी ठोकून सपाट करायचे, नाहीतर दोन बोल्टांच्या मधे फट राहते. मग मधून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत सगळे बोल्ट. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुस्तकात दिलाय तेवढाच. मेकॅनिक "अजून अर्धा फेरा" म्हणाला तर त्याचा हात धरा, मी शेजारी असेनच.

सी-२०४: आलो मी पण. मला बघायचंय.

बी-४०३: जरूर या. टॉर्च धरायला माणूस हवाच आहे.

खजिनदार: म्हणजे रविवारी संध्याकाळी चालू?

बी-४०३: नाही. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकतं. २४ तास द्यावेच लागतात, हवा कोरडी असेल तर जास्त. तेलसुद्धा त्यानंतरच भरायचं. सोमवारी संध्याकाळी.

ए-२०२: मी वाचत होतो, बोललो नव्हतो. आजपासून सोमवारपर्यंत जनरेटर बंद म्हणजे आमच्याकडे अडचण आहे. आईचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर आहे. मागच्या वेळी लाइट गेली तेव्हा जनरेटरमुळेच निभावलं.

सेक्रेटरी: हे माझ्या डोक्यात होतं, फोन करणारच होतो. बॅकअप सिलिंडर आहे ना?

ए-२०२: आहे, पण अर्धा. दोन रात्री पुरेल याची खात्री नाही.

ए-१०२: आमचा इन्व्हर्टर मोठा आहे, तुमच्या बरोबर खाली. बाल्कनीतून वायर वर सोडता येईल. कॉन्सन्ट्रेटर किती वॉटचा आहे ते कळवा. आजच जोडून बघू.

ए-५०१: सिलिंडर माझ्या गाडीतून भरून आणतो. मागची सीट पाडली की नीट बांधून बसतो. तासाभरात निघू.

ए-२०२: मशीन ३५० वॉटचं आहे, ताई. दोघांचेही आभार. काका, सिलिंडरच्या रेग्युलेटरपाशी बारीक सूं आवाज येतो. ती नवीन ट्यूब येईल त्यातलं थोडं तिथे लावलं तर?

बी-४०३: अजिबात नाही! सगळ्यांनीच लक्षात ठेवा. ऑक्सिजनच्या कुठल्याही जोडाला सिलिकॉन, ऑइल, ग्रीस, व्हॅसलिन काही लावायचं नाही. दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंश भडकतो. तिथलं वॉशर बदलायचं असतं, तेही सिलिंडर देणाऱ्याकडूनच. तोपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि रेग्युलेटर सिलिंडरबरोबर घेऊन जा. मी पण येतो गाडीतून. हात साबणाने धुऊन खाली उतरतोय.